दोन पेट्यांमधलं पान

९ जानेवारी १९६१, सोमवार

जिल्हा कचेरीचा हुकूम आला. पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला सार्वमत. बान्केमच्या केंद्राची अधिकारी मी. खोली शाळेची, टेबलं शाळेची, आणि बायकांना मत टाकायला शिकवण्याचं कामही हेडमिस्ट्रेसचंच. विचारलं कुणी नाही, नुसतं कळवलं. चालायचंच. निदान काम नीट तरी होईल.

प्रश्न सोपा आहे. इंग्रज जाणार. आपण स्वतंत्र होणार, पण एकट्यानं नाही. एक तर नायजेरियात सामील होऊन, नाही तर नदीपलीकडच्या कामेरूनमध्ये, जिथं गेल्या वर्षापर्यंत फ्रेंच होते. नायजेरियाची पेटी हिरवी, कामेरूनची पांढरी. कागद एक, तो एकाच पेटीत टाकायचा. दुसरीतल्या मुलीलाही कळेल.

दुपारी दोन डबे रंगवून बायकांना बोलावलं. कागदाऐवजी मक्याचे दाणे दिले. शेवटी पाहते तर निम्मे दाणे टेबलावर, दोन डब्यांच्या मधोमध. पुन्हा समजावलं. पुन्हा तेच. मग मा अझा उठली. ती बायकांच्या मंडळाची म्होरकी. वय तिलाही ठाऊक नाही, पण इंग्रज-फ्रेंचांनी मुलूख वाटून घेण्याआधीचं जर्मनांचं राज्य तिला आठवतं.

"बाई, तुम्ही दोन नवरे दाखवता," ती म्हणाली. "लग्नच नको म्हणणारीनं दाणा कुठं टाकायचा?"

तसा पर्याय नाही, मी म्हटलं.

"मग तुम्ही स्वतः कुठल्या डब्यात बसलात?"

सगळ्या हसल्या. मी बिनलग्नाची आहे हे गावाला नवीन नाही. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही. वर्ग सोडून दिला.

आज बाजार होता. कोलाच्या बिया विकणारी सिरी पूल ओलांडून आली आणि जाताना एक गाठोडं देऊन गेली. लुमनं पाठवलं म्हणे. नदीपलीकडे राहणारी माझी धाकटी बहीण, पण गेल्या दहा वर्षांत तिनं मला एक शेंगदाणा पाठवलेला नाही. आत लहान मुलांचे कपडे, तीन मापांचे, धुऊन घड्या घातलेले. माझ्याकडे मुलांचे कपडे कशाला? तिच्या पोरांना आखूड झाले असतील, शाळेतल्या गरिबांना वाटायला दिले असतील. सध्या कपाटात ठेवलेत.

१७ जानेवारी

पलीकडच्या डोंगरांवर धूर. माझा मदतनीस कारकून तिकू म्हणतो, पेरणीआधी शेतं जाळतात, दुसरं काय. सिरी म्हणते, घरं जळताहेत. मी विचारलं, कोण जाळतं? तर म्हणे, दिवसा शिपाई जाळतात, रानातली पोरं अंधार पडल्यावर जाळतात. म्हणजे शिपाई सरकारचे, आणि पोरं सरकारविरुद्ध. पण पोरंही स्वातंत्र्यासाठीच लढतात म्हणे, आणि स्वातंत्र्य तर त्यांना मिळून वर्ष झालं. मग आता कुणापासून?  विचारूनही काही कळलं नाही.

लुमचा नवरा नाताळाच्या आधीपासून दिसलेला नाही, असंही ती म्हणाली. मेकॅनिक माणूस, काम मिळेल तिकडे जातो.

२५ जानेवारी

आजच्या गाठोड्यात लुमच्या नवऱ्याचा भरतकामाचा अंगरखा, आणि त्यात गुंडाळलेलं न्केंगचं पान. देठाला ओली माती थापून वर केळीचं साल बांधलेलं, वाटेत सुकू नये म्हणून.

हा दिवस कधी तरी यायचाच होता. न्केंग पाठवलं की भांडण मिटवायचं असतं. ज्याला मिळालं त्यानं नाही म्हणायचं नसतं. त्यानं आपल्या कुंपणातलं पान उलट पाठवायचं, आणि ते हातात येईपर्यंत पाठवणाऱ्यानं त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नसतं. वडील गेल्यावर घरची कर्ती मी. लुमला म्हटलं, त्या पलीकडच्या मेकॅनिकच्या नादी लागू नकोस, मी नायजेरियात कालाबारच्या कॉलेजात शिकले तशी तूही शीक. ती गेली. मग या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नकोस, असंही मी म्हटलं, आणि ते योग्यच होतं. आता तिला पटलेलं दिसतं. माफी मागायला दहा वर्षं लागली, पण मागितली हे महत्त्वाचं.

सिरी दारातच उभी होती. उत्तराचं पान आताच नेऊ का, असं दोनदा विचारलं तिनं. एवढी घाई कसली? लुमला निरोप दिला की, मतदान होऊ दे. मी सरकारी अधिकारी आहे, या दिवसांत पलीकडच्यांशी देवाणघेवाण बरी दिसत नाही. पांढरी पेटी जिंकली तर पूलच मोकळा होईल. ना फाटक, ना शिक्का. मग रीतसर मुलांना घेऊन ये, मी स्वतः पान घेऊन पुलावर येईन.

सिरीनं अंगरख्यावरून हात फिरवला आणि गेली.

हा अंगरखा मला का पाठवावा, ते मात्र उमगलं नाही. पुरुषाचा अंगरखा माझ्या काय कामाचा?

३ फेब्रुवारी

कापडवाला म्बानेफो शाळेत आला होता. माणूस नायजेरियाचा. बावीस वर्षं त्याचं दुकान बाजारात आहे, त्याची मुलं इथंच माझ्या हाताखाली शिकली. पांढरी जिंकली तर मी परका होणार का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तसं कुठं लिहिलेलं नाही. मग तो म्हणाला, "तुम्ही कालाबारला शिकलात, तुम्हाला तिथं कुणी परकी म्हटलं होतं का?"

म्हटलं होतं. पहिल्याच आठवड्यात. पण ते त्याला सांगून काय उपयोग?

तिकू म्हणतो, दोन भावांची वाटणी परक्यांनी केली, आता घर एक करायचं. मा अझा म्हणते, "भाऊ खरे, पण एक भाऊ घर पेटवून बसलाय. दुसऱ्यानं त्याच घरात निजायला जायचं? आणि हिरव्या घरी गेलो तर आम्ही वाढपी." म्हटलं, मग तुझं मत काय? म्हणाली, आमचं मत तिसऱ्या पेटीत. ती पेटी तुमच्या साहेबांनी पाठवलीच नाही.

तिला मी नियम वाचून दाखवले. 

११ फेब्रुवारी, शनिवार

दमले आहे, पण आजचं आजच लिहिलेलं बरं.

पहाटेपासून रांग. बायका नवी लुगडी गुंडाळून, डोक्याला फडकी बांधून, पोरं पाठीला. रांगेत बोलणं नाही. आत पडद्यामागे एका टेबलावर दोन्ही पेट्या. पहिल्या काही बायका बाहेर आल्यावर मी आत डोकावले. पेट्यांच्या मधोमध न्केंगचं एक पान उभं केलेलं, मातीच्या गोळ्यात खोचून.

उचलून बाहेर टाकलं. थोड्या वेळानं पाहते तर तिथं दुसरं. तेही टाकलं. मग तिसरं. मी रांगेसमोर उभी राहून सांगितलं की, मतदानाच्या खोलीत कागदाखेरीज काही न्यायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पुढच्याच वेळी पान पुन्हा होतं. बायका कागद बरोबर टाकत होत्या, त्यात एक चूक नाही. पण जाताना मध्ये पान. हिरवीला टेकलेलं नाही, पांढरीला टेकलेलं नाही. मध्ये.

दुपारी संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक साहेब आले. लाल झालेला चेहरा, सारखा रुमाल. पडदा सारून त्यांनी पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. खरं सांगितलं तर केंद्र रद्द होईल की काय, मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, खोलीची सजावट. ते खूश झाले. त्यांनी फोटो काढला.

त्यानंतर मी पानं टाकणं सोडून दिलं. का, ते सांगता येत नाही.

रांग संपल्यावर मी माझं मत टाकायला आत गेले. शिकले तिकडे, शुद्ध लिहायला-बोलायला शिकवलं तिकडच्यांनी, आणि माझा हात हिरव्याकडे गेला नाही. पांढऱ्यात टाकलं. देशासाठी नाही, पुलासाठी. फाटक निघेल, लुम येईल. देश निवडताना हे कारण चालतं का, हे कुठल्याच हुकुमात लिहिलेलं नाही.

मा अझानं बाहेर विचारलं, "बाई, बसलात एकदाच्या एका डब्यात?"

१५ फेब्रुवारी

पांढरी. सगळीकडून पांढरीच जास्त. तिकूनं बाजारात पामदारू वाटली. म्बानेफोचं दुकान दिवसभर बंद होतं.

म्हणजे आपण स्वतंत्र झालो? तिकू म्हणतो, झालो. कचेरी म्हणते, ऑक्टोबरमध्ये. पुलावरचा शिपाई म्हणतो, मला काही कळवलेलं नाही.

न्केंगच्या कुंपणातून चांगलं पान निवडून ठेवलं. बाजाराच्या दिवशी सिरीबरोबर देईन.

१८ फेब्रुवारी

बाजार. सिरी आलीच नाही. पलीकडून कुणीच आलं नाही.

२६ फेब्रुवारी

सिरी आली. गाठोडं नव्हतं, कोलाही नव्हता. लुमचं गाव रिकामं केलंय म्हणे. आजूबाजूच्या सगळ्या गावांना हमरस्त्यालगत एका जागी आणून ठेवलंय, भोवती काटेरी कुंपण. आत जायचं तर कागद, बाहेर यायचं तर कागद. रानातल्या पोरांना कुणी भाकर देऊ नये, म्हणून.

एका अर्थी बरंच. निदान रस्त्याजवळ आहे, पहारा आहे, म्हणजे सुरक्षित आहे.

पान सिरीला दिलं. तिनं ते घेतलं. म्हणाली, "आता देता होय, बाई?"

म्हटलं, निरोप दिला होता तसंच. मतदान झालं.

६ मार्च

सिरीला आत सोडलं नाही. पान परत आणलं तिनं. वाळून त्याची गुंडाळी झालीय. ते टाकावं की ठेवावं कळेना. टाकायचं नसतं, असं आई म्हणायची. पण परत आलेल्या पानाचं काय करतात ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. बहुधा तशी वेळ कुणावर आलीच नसेल.

१९ जून

लुमसाठी जिल्हा कचेरीला लिहिलं. त्यांनी कळवलं, तो भाग परदेश आहे, तिकडच्या सरकारला लिहा. तिकडच्या सरकारला लिहिलं. कुणी तरी इंग्रजी जाणणाऱ्यानं उत्तर दिलं की, तुमचा भाग लवकरच आमचा होणार आहे, तेव्हा तुमच्याच कचेरीमार्फत या.

परदेशही आहे आणि आपलाही आहे. नकाशा पुढ्यात घेऊन बसले होते. इतकी वर्षं मुलींना भूगोल शिकवला. नकाशात पूल दाखवत नाहीत, नदी दाखवतात.

पुलावरचं फाटक काढतील असं मी धरून चालले होते. आज पलीकडच्या टोकाला दुसरं बसवलं.

३० सप्टेंबर

म्बानेफो गेला. निघताना शाळेला खडूंची पेटी देऊन गेला. त्याच्या मालानं भरलेली लॉरी चढावर अडली तेव्हा ढकलायला सगळा बाजार आला. कुणी रडलं नाही, सगळ्यांनी ढकललं. ज्याला काढायला निघालो तो जावा म्हणून ढकलत होते की राहावा म्हणून अडवत होते, बघून कळत नव्हतं.

इंग्रज शिपाई परवाच गेले. त्यांचं क्रिकेटचं मैदान रिकामं आहे. शेळ्या चरताहेत.

१ ऑक्टोबर, रविवार

स्वातंत्र्य. मैदानात घोट्याएवढा चिखल. मुलींची कवायत चांगली झाली. जुना झेंडा खाली, नवा वर. हिरवा, तांबडा, पिवळा, त्यात दोन चांदण्या. नवं गीत फ्रेंचमध्ये आहे, म्हणून मुलींनी नुसती चाल गुणगुणली. वरचे पाहुणे बोलले, तेही फ्रेंचमध्ये. दुभाष्यानं लांबलचक वाक्याचं भाषांतर केलं: "ते आनंदी आहेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आजपासून गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं, असंही जाहीर केलं. सरकारी भाषाही आजपासून दोन, नाणी मात्र पुढे कधी तरी बदलणार. मी हे सगळं फळ्यावर लिहून काढलं. लिहिल्यावर नीट कळेल असं वाटलं होतं.

मा अझा नातवाचा हात धरून पुढच्या रांगेत उभी होती. सोहळा संपल्यावर म्हणाली, "पूल बांधायला माझ्या बापानं जर्मनांचे दगड वाहिले. तेव्हाही पुलाची दोन्ही टोकं एका देशात होती. तेव्हा फाटक नव्हतं."

४ ऑक्टोबर

आज पुलावर गेले. बूट घातले, नेमणुकीचा कागद, चर्चचं पत्र, सगळं घेतलं. शिपायानं कागद उलटेपालटे केले. इंग्रजीत आहेत, म्हणाला. म्हटलं, इंग्रजीही आता तुमची सरकारी भाषा आहे, रविवारपासून. तो हसला. साधं हसणं होतं, दुष्ट नव्हतं. परत पाठवलं.

एकाच देशात मला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येत नाही. ज्याच्यासाठी मत टाकलं तेच नेमकं झालं नाही, आणि बाकी सगळं झालं.

घरी आल्यावर मा अझा ओट्यावर बसलेली. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. कागदांकडे पाहून म्हणाली, "पोरी, बहिणीला आणायला निघालीस, आणि हातात हे?" इतक्या वर्षांत तिनं मला पोरी म्हटलं नव्हतं.

८ ऑक्टोबर

बाजाराचा दिवस. नीट क्रमानं लिहिते, कारण घडलं ते क्रमानं नव्हतं.

मा अझानं मंडळाच्या बायका गोळा केल्या. सगळ्या म्हाताऱ्या. प्रत्येकीच्या हातात न्केंगची फांदी, माझ्याही. बूट घालू नको म्हणाली, घातले नाहीत. पलीकडच्या फाटकाशी जाऊन मा अझानं आपली फांदी आडव्या दांड्यावर ठेवली. मग दुसरीनं, मग तिसरीनं. बोलायचं नाही असं ठरलं होतं. दांडा दिसेनासा झाला.

जमादार लांबच्या मुलखातला, त्याला काही समजेना. तो ओरडला. पण फाटक धरून उभा असलेला एक शिपाई त्या डोंगरातलाच असावा. पहिलं पान ठेवताच त्यानं दांड्यावरून हात काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरला. जमादारानं त्याला पानं फेकून दे म्हणून हुकूम केला असणार. तो जागचा हलला नाही. खाली बघत राहिला.

तेवढ्यात पुलावर दोन लॉऱ्या समोरासमोर आल्या. आपल्याकडची जुन्या सवयीनं डावीकडून, त्यांच्याकडची उजवीकडून. मधोमध नाकाला नाक. दोन्ही ड्रायव्हर खाली उतरले आणि एकमेकांच्या आयांचा उद्धार करू लागले, एक एका भाषेत, एक दुसऱ्या. शिव्या मात्र दोघांनाही कळत होत्या. जमादार तिकडे धावला, परत आला, पुन्हा धावला. लॉरी मागे घ्यायची तर फाटक उघडणं भाग होतं. त्यानं त्या शिपायाला खूण केली. शिपायानं एकेक फांदी दोन्ही हातांनी उचलली, मा अझाच्या हातात दिली, आणि मग दांडा वर केला.

आम्ही चालत पलीकडे गेलो. लॉरीमुळे की पानांमुळे, मला माहीत नाही. मा अझा म्हणते, लॉरीही पानांनीच आणली.

कुंपण पुलापासून फार लांब नाही. आतल्या बायका तारेशी आल्या होत्या, त्यांनी लांबून हिरवं पाहिलं असावं. लुम त्यांच्यात होती. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. आमच्या मागोमाग आलेला तो पुलावरचा शिपाई पहारेकऱ्याला काही तरी सांगत होता. दार किती वेळानं उघडलं मला आठवत नाही.

लुम दारात आली, पण बाहेर पाऊल टाकेना. मला वाटलं पहारेकऱ्याला घाबरते. मा अझानं माझी फांदी परत माझ्या हातात दिली आणि मला पाठीत ढोसलं. मग मी ती लुमच्या हातात दिली, तेव्हा ती बाहेर आली. दोन मुलं तिच्या लुगड्याला धरून.

ती माझ्याकडे पाहत होती. 

"मतदान झालं ना, ताई?" तिनं विचारलं.

हो, मी म्हटलं.

"मग ठीक आहे."

परत येताना ती पुढे चालली, मुलं तिला धरून.

९ ऑक्टोबर

शाळेला गेले नाही. नोकरीत पहिल्यांदा. लुमनं सकाळी मक्याच्या पिठाचा घट्ट फुफू घाटला, भाजी चिरली, मीठ कुठं आहे ते विचारलं. एवढंच. मुलांनी पोटभर खाल्लं. मोठी सारखी दाराकडे बघते.

मी कपाटातून तिनं पाठवलेली गाठोडी काढून दिली. अंगरखा तिनं मांडीवर घेतला, उलगडला नाही. मग मुलांना कपडे घातले. दोघांनाही घट्ट होतात, बाह्या वर चढतात. नवीन शिवावे लागतील.

तिसऱ्या मापाचे, सगळ्यात लहान, तिनं हातात धरून ठेवले. मग घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. दुपार झाली तरी ती घडी घालते आहे. मी शेजारी बसले आहे. मी काही विचारलेलं नाही.